काडेपेटीतली मोटार

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला आपण रसिक म्हणतो, जुनी नाणी जमवणाऱ्याला अभ्यासू म्हणतो. पण चांगला चाळिशी ओलांडलेला, हपिसात चार माणसांवर हुकूम चालवणारा गृहस्थ घरी येऊन खेळण्यातल्या मोटारी कपाटात मांडत बसतो असे कळले, की आपल्याला हसू आवरत नाही. “अहो, पोरांनी खेळायच्या वस्तू त्या!” असे म्हणून आपण मोकळ्या होतो. हसायला हरकत नाही. पण हा छंद आता आपल्या गावोगावच्या घरांत शिरला आहे. कुणाच्या यजमानांना तो आहे, कुणाच्या मुलाला, तर कुणाच्या घरी बापलेक दोघांनाही. आमच्या घरी तिसरा प्रकार आहे. त्यामुळे धूळ कोण पुसते, जागा कोण करून देते आणि महिनाअखेरीला हिशेब कोण जुळवते, हे मी सांगायला नकोच. ज्या वस्तूंची धूळ आपण पुसायची, त्यांची थोडी माहिती तरी आपल्याला असावी, नाही का? म्हणून हा लेख.

शाळेत जाणाऱ्या एका मुलीमुळे

या छंदाची सर्वांत गोड हकीकत एका मुलीची आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी धातूचे सुटे भाग ओतण्याचा लहानसा धंदा काढला. आडनाव एक असले तरी दोघे नात्यातले नव्हते. लेस्लीतले ‘लेस’ आणि रॉडनीतले ‘नी’ घेऊन कंपनीचे नाव ठेवले ‘लेस्नी’. पुढे जॅक ओडेल नावाचा एक हुशार कारागीर त्यांना येऊन मिळाला. या ओडेलच्या मुलीच्या शाळेत एक नियम होता. खेळणे आणायचे असेल, तर ते काडेपेटीत मावेल एवढेच हवे! (वर्गावर उभे राहणाऱ्या कोणत्याही बाईंना या नियमामागचे शहाणपण लगेच कळेल.) मग बापाने लेकीसाठी पितळेचा एक इवलासा रोड रोलर बनवला, रंगवला आणि काडेपेटीत घालून दिला. वर्गातल्या मैत्रिणींना तो इतका आवडला, की प्रत्येकीला तसाच हवा झाला.

त्याच सुमारास, १९५३ साली, राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. लेस्नीने त्या राजरथाची छोटी प्रतिकृती काढली आणि ती दहा लाखांहून अधिक खपली. त्याच वर्षी ‘मॅचबॉक्स’ या नावाने, काडेपेटीसारख्या दिसणाऱ्या खोक्यात, छोट्या गाड्या बाजारात आल्या. एकपासून पंचाहत्तरपर्यंत त्यांना क्रमांक असत. मुलांच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी किंमत आणि खिशात बसेल असा आकार. जगभरच्या मुलांना वेड लावायला आणखी काय लागते? मोटारी म्हणजे मुलग्यांचे खेळणे, असे जे आपण सहज बोलून जातो, त्या मोटारींतली सर्वांत गाजलेली जात एका मुलीच्या दप्तरातून निघाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मोठ्या बहिणी आणि धाकटी

मॅचबॉक्सच्या आधी ‘डिंकी’ होती. लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू जोडून खेळायचा ‘मेकॅनो’ ज्यांनी काढला, त्या फ्रँक हॉर्नबी यांच्याच लिव्हरपूलच्या कारखान्यातली ही लेक. मुळात खेळण्यातल्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला म्हणून त्या गाड्या काढल्या होत्या. १९३४ साली त्यांना डिंकी हे नाव मिळाले आणि लवकरच आगगाडी बाजूला राहून मोटारीच लोकांना अधिक आवडू लागल्या. १९५६ साली वेल्समधल्या स्वान्झी गावातून ‘कॉर्गी’ आली. तिच्या खिडक्यांना चक्क पारदर्शक काचा होत्या. डिंकीच्या खिडक्या तोवर नुसत्या भोकांच्या! कॉर्गीने १९६५ साली जेम्स बाँडची मोटार काढली. तिच्यातले एक बटण दाबले, की छप्पर उघडून शेजारी बसलेला बदमाश उडून बाहेर पडे. सिनेमातली मोटार चंदेरी होती, खेळण्यातली मात्र सोनेरी केली, कारण चंदेरी रंग दिला तर गाडी रंगवायची राहून गेली असे वाटले असते.

मग १९६८ साली अमेरिकेतून धाकटी आली, ‘हॉट व्हील्स’. बार्बी बाहुली ज्या मॅटेल कंपनीची, तिचीच ही. रूथ हँडलर आणि त्यांचे यजमान एलिअट हँडलर यांनी ही कंपनी नावारूपाला आणली. बार्बी रूथबाईंच्या कल्पनेतली, हॉट व्हील्स एलिअट यांच्या. नवराबायकोने आपापले खाते वाटून घ्यावे ते असे! पहिल्या वर्षी फक्त सोळा गाड्या होत्या. पण त्यांची चाके इतक्या बारीक तारेवर आणि इतकी सुळकन फिरत, की मॅचबॉक्सची गाडी त्यांच्यापुढे बैलगाडी वाटू लागली. लेस्नीला घाईघाईने आपली सगळी चाके बदलावी लागली. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला, लेस्नी १९८२ साली बुडाली, कॉर्गी काढणारी कंपनी १९८३ साली. मॅचबॉक्स हे नाव हातोहाती फिरत १९९७ साली मॅटेलकडेच आले. एकेकाळच्या वैरिणी आता एका घरच्या सुना आहेत.

आपल्या मातीतल्या गाड्या

हे सगळे विलायतेतले झाले. पण डिंकीचे काही साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि तिथे ‘निकी’ नावाने गाड्या निघू लागल्या. तळाला डिंकीचे नाव होते ते खोडून निकी केलेले. रंग जरा ओबडधोबड, खोका साधा. त्या काळी कुणी त्यांना फारसा भाव दिला नाही, आज मात्र परदेशातले शौकीन त्या मुद्दाम शोधतात. कलकत्त्याच्याच ‘मॅक्सवेल’च्या छोट्या गाड्या पुष्कळांना लहानपणच्या आठवत असतील. पुढे हॉट व्हील्सही भारतात ‘लिओ’ या नावाबरोबर मिळू लागल्या. सध्या दिल्लीच्या ‘सेंटी’ कंपनीच्या प्लॅस्टिकच्या, मागे ओढून सोडल्या की पळणाऱ्या गाड्या जत्रेपासून दुकानापर्यंत सगळीकडे दिसतात. रिक्षा, ॲम्बॅसडर, मालट्रक असा सगळा आपला रस्ताच त्यांत आहे. किमतीला हलक्या म्हणून त्यांना नाक मुरडू नका, बरे का. फेरारी जगात सगळीकडे मिळते, पण आपली रिक्षा दुसरे कोण करणार?

आणि आपला रस्ता बदलतो आहे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची ती काळीपिवळी टॅक्सी, २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या आधी महिना-दीड महिना, सप्टेंबरात, बेस्टच्या जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसने निरोप घेतला होता. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढच्या बाकावर बसण्यासाठी केलेली धावपळ ज्यांना आठवते, त्यांना त्या बसची बोटभर प्रतिकृती पाहून काय वाटत असेल हे मी सांगायला नको. आपण आजीची नथ जपतो, आईचे पातळ जपतो. तसेच हेही जपणे आहे.

एकास त्रेचाळीस म्हणजे काय?

खोक्यावर १:१८, १:४३, १:६४ असे आकडे असतात. घरातल्या पुरुषमंडळींना विचारले तर ते असे काही समजावून देतात, की न विचारले असते तर बरे झाले असते असे वाटते! गोष्ट अगदी सोपी आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशाचे प्रमाण शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर दरवर्षी तोच कंटाळा असे. एकदा मुलाच्या कपाटातल्या तीन गाड्या वर्गात नेल्या आणि फळ्यावर गणित मांडले. खरी ॲम्बॅसडर सुमारे ४.३ मीटर लांब, म्हणजे ४३० सेंटिमीटर. त्याला ४३ने भागा. आले १० सेंटिमीटर. १८ने भागा, साधारण २४ येतात. ६४ने भागा, पावणेसातच्या आसपास. म्हणजे १:१८ची गाडी घरातल्या पोळपाटाएवढी लांब, १:४३ची तळहातावर मावणारी आणि १:६४ची मुठीत लपणारी. एका मुलीने विचारले, “बाई, मग तुम्ही केवढ्या व्हाल?” मी पाच फूट एक इंच. १:६४च्या जगात मी अडीच सेंटिमीटरसुद्धा भरले नाही! त्या दिवसापासून नकाशाचे प्रमाण कुणी विसरले नाही.

१:४३ हा चमत्कारिक आकडा आला कुठून, असेही एकाने विचारले. तो आगगाडीमुळे आला. इंग्लंडात खेळण्यातली आगगाडी करताना खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असे माप धरत. फुटाचे मिलिमीटर करून त्याला सातने भागले, की साडेत्रेचाळीसच्या आसपास येते. डिंकीचा जन्म आगगाडीच्या सोबतीला झालेला, म्हणून तिलाही तेच माप. जुन्या मॅचबॉक्सला मात्र असे माप नव्हते. बस असो की मोटार, खोक्यात मावली पाहिजे, एवढाच नियम! आगगाडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ सालापासून आहे. सुटीत मुलांना जरूर दाखवा. प्रमाण म्हणजे काय, हे तिथे न शिकवता कळते.

पैशांचे काय?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. साधी छोटी हॉट व्हील्स दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. एकीचे काही वाटत नाही. पण छंद एकीवर कधी थांबतो का? चांगली १:१८ची गाडी काही हजारांच्या घरात जाते. त्यातच १९९५ सालापासून हॉट व्हील्समध्ये ‘ट्रेझर हंट’ म्हणून काही मोजक्या गाड्या मुद्दाम कमी काढतात. त्या मिळवण्यासाठी मोठी माणसे दुकानाच्या मांडण्या उपसतात आणि त्याच गाड्या कुणी तिप्पट-चौपट किमतीला विकायला ठेवतो. लेबॅनॉनमधल्या नबील करम यांच्या संग्रहात ३७,७७७ गाड्या मोजून २०१६ साली जागतिक विक्रम नोंदला गेला. आपल्या दोन खोल्यांच्या घरात हे परवडणारे नाही, जागेनेही नाही आणि पैशानेही नाही.

पण या बाबतीत मला शहाणे केले ते माझ्या मावशीच्या अनुभवाने. तिचे यजमान सरकारी नोकरीत होते. पगार बेताचा, दोन मुली, आणि त्यांना हा नाद. मावशी आयुष्यभर कुरकुरली. “माझ्या पाटल्या झाल्या नाहीत, पण ह्यांच्या मोटारी झाल्या,” हे तिचे वाक्य आम्हा भाचवंडांना पाठ होते. काका गेल्यावर माळ्यावरून ट्रंक खाली काढली. एका ओळखीच्याने घरी येऊन वरवर पाहिले आणि म्हणाला, “जुनी खेळणी आहेत, सगळ्यांचे मिळून दोन हजार देतो.” मावशी द्यायलाही निघाली होती. भांडीवालीला द्यायचे ते याला दिले, असा तिचा हिशेब. पण ट्रंकेच्या तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही निघाली आणि धाकट्या मुलीने ती वाचायला घेतली.

वहीत एकेका गाडीची नोंद होती. तारीख, कुठे घेतली, किती दिले. बरीचशी पुण्याच्या जुन्या बाजारातली, काही मुंबईच्या चोरबाजारातली. पण मावशीला गप्प केले ते नोंदींनी नव्हे, नोंदी नसलेल्या जागांनी. थोरलीचे इंजिनिअरिंग चालू होते त्या चार वर्षांत एकही नोंद नाही. मावशीचे ऑपरेशन झाले त्या साली जानेवारीत तीन गाड्या *दिल्याची* नोंद, आलेल्या रकमेसकट. त्या कुणाला, कशासाठी दिल्या ते काकांनी लिहिले नव्हते. लिहायची गरजही नव्हती. मावशी बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसली आणि शेवटी म्हणाली, “एवढं होतं तर बोलायचं नाही का माणसानं?”

त्या ‘ओळखीच्या’ला नम्रपणे परत पाठवले. वहीचा आधार घेऊन मुलींनी दोन-तीन जाणत्या संग्राहकांना गाड्या दाखवल्या, भाव ताडून पाहिले आणि बऱ्याचशा विकल्या. आकडा सांगत नाही, पण मावशीच्या डोळ्यांच्या दोन्ही शस्त्रक्रिया त्यात झाल्या. अकरा गाड्या तिने ठेवल्या. त्यांतली एक मोरपंखी रंगाची आहे. ती कुणाला हात लावू देत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की घरात हा छंद असेल तर भांडू नका आणि डोळेझाकही करू नका. एक वही घालायला लावा. तारीख, किंमत, कुठून घेतली आणि आज साधारण भाव काय. ती वही दोघांच्या माहितीच्या जागी ठेवा, विम्याच्या कागदांबरोबर ठेवली तर उत्तमच. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि तेवढ्याच रकमेचे आपलेही काहीतरी ठरवा. पुस्तके म्हणा, गाण्याची शिकवणी म्हणा. छंद हा हक्क एकट्याचा नसतो. आणि ‘पुढे भाव येईल’ म्हणून घ्यायचे, असे कुणी म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. भाव येतो तो मोजक्यांना. बाकीच्या गाड्या आवडतात म्हणूनच घ्यायच्या असतात.

निगा कशी राखाल?

या गाड्या बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात थोडे ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम. जुन्या, विशेषतः युद्धापूर्वीच्या गाड्यांच्या धातूत शिसे मिसळले गेले असेल, तर तो धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस गाडीचा भुगा होतो. याला उपाय नाही. दमट हवेत हे लवकर होते, एवढे मात्र ठाऊक आहे. तेव्हा जुनी गाडी विकत घेताना भिंगातून चिरा पाहाव्या. नव्या गाड्यांना ही भीती सहसा नाही, पण आपल्या पावसाळ्यात एवढी काळजी घ्यावीच:

– गाड्या बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवू नयेत. काचेचे दार असावे, म्हणजे धुळीचे काम निम्मे होते.

– औषधांच्या बाटल्यांत आणि चपलांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात त्या फेकू नका, कपाटाच्या कोपऱ्यांत ठेवा. लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

– डांबराच्या गोळ्या घालू नका. प्लॅस्टिकच्या काचा-चाकांना त्या मानवत नाहीत.

– धूळ रंगाच्या मऊ ब्रशाने झटकावी. चिंच, लिंबू, भांडी उजळायची पूड, रॉकेल यांतले काहीही लावू नये. पितळेचा तांब्या उजळतो, गाडीचा रंग जातो.

– उन्हात मांडू नये. लाल रंग सर्वांत आधी विटतो.

– खोके टाकू नये. जुन्या गाडीची निम्मी किंमत कधीकधी खोक्याचीच असते. खोक्याला रबरबँड लावू नये, तो विरघळून चिकटतो.

मुलांच्या हाती देताना

तीन वर्षांखालच्या मुलाला सुटी चाके असलेली गाडी देऊ नये. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून काकांची किंवा आजोबांची गाडी तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती तर मुळीच नको. नवे खेळणे घेताना आय.एस.आय.ची खूण पाहा. १ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे.

मुलगा गोळा करतो आहे, तर करू द्या. पण मांडणे, पुसणे, वहीत लिहिणे ही कामे त्याचीच. आमच्याकडे नियम आहे: कपाटात जागा नसेल तर नवी गाडी यायच्या आधी एक जुनी कुणाला तरी द्यायची. पहिल्यांदा रडारड झाली. आता कोणती द्यायची हे ठरवताना तो अर्धा तास विचार करतो, आणि खरे शिक्षण त्या अर्ध्या तासातच होते. देणगीची गाडी मोडकी नको, हा नियम त्याचा त्यानेच घातला.

आणि घरात मुलगी असेल, तर तिलाही विचारा. भाऊबीजेला भावाला मोटार आणि बहिणीला भातुकली, असे आपण न विचारताच ठरवून टाकतो. माझ्या वर्गातली जी मुलगी मला अडीच सेंटिमीटरची करून बसली, तिच्याजवळ आता चौदा गाड्या आहेत. सगळ्या मालट्रक आणि क्रेन. तिला शोभेच्या मोटारी आवडत नाहीत. “बाई, ह्या काम करतात,” ती म्हणते.

दिवाळीच्या साफसफाईला माळा काढाल तेव्हा तळातल्या डब्याकडे एकदा नीट बघा. गाडी उलटी करा. तळावर बारीक अक्षरांत नाव आणि गाव कोरलेले असते. भांडीवालीच्या टोपलीत टाकण्याआधी ते वाचायला दोन मिनिटे पुरतात.